मोटारीचा संसार

घरांत मोटार यावयाची ठरली म्हणजे सार्‍या घराचें लक्ष एकाच आंकड्यावर खिळतें, आणि तो आंकडा म्हणजे गाडीची किंमत. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील वस्तु व सेवा कर १८ टक्क्यांवर आल्यामुळें गाडी घेणें पूर्वीपेक्षां सोपें झालें आहे. पण घेणें निराळें आणि पोसणें निराळें. दावणीचा बैल काम असो वा नसो, वैरण खातोच. दाराशीं उभी असलेली मोटारही तशीच. तेव्हां मोटार पोसण्यास काय लागतें याचा विचार आज आपण करूं, आणि त्यासाठीं बारामती व इंदापूर हे शेजारचे दोन तालुके डोळ्यांपुढें ठेवूं.

या भागाचा मोटारीशीं संबंध जुना आहे. शेठ वालचंद हिराचंद यांनीं इंदापूर तालुक्यांत साखरेच्या धंद्याभोंवतीं वालचंदनगर वसविलें, आणि त्यांनींच १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या आरंभींच्या गाड्या म्हणजे अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या सुट्या भागांची येथें केलेली जुळणी होती. आज बहुतेक गाड्या देशांतच तयार होतात, हें गिर्‍हाइकाच्या हिताचें आहे. परदेशांत पूर्ण तयार होऊन येणार्‍या, ४०,००० डॉलरांहून कमी किमतीच्या व बेताच्या इंजिनाच्या गाडीवरील मूळ आयात-कर २०२३ च्या अर्थसंकल्पानें ६० वरून ७० टक्के केला. इतर कर त्यावर आणखी. शिवाय अशा गाडीचा साधा दिवा फुटला तरी तो परदेशांतून येईपर्यंत वाट पाहावी लागते, आणि त्याची किंमतही तशीच मोजावी लागते.

मोटारीच्या खर्चाचे तीन वांटे पडतात: एक काळ खातो, दुसरा रस्ता खातो, तिसरा अपघात नेतो.

काळाचा वांटा डोळ्यांना दिसत नाहीं. विम्याच्या कोष्टकाप्रमाणें चार वर्षें उलटून पांचवें लागलें कीं गाडीचें मूल्य निम्मेंच धरतात. दहा लाखांची गाडी चोरीस गेली, तर त्या वेळीं सुमारें पांच लाखच पदरीं पडतील. गाडी उभीच ठेविली तरी रबर कडक होतें आणि बॅटरी क्षीण होते.

रस्त्याचा वांटा मात्र आपल्या हातीं पुष्कळसा आहे. नीरा डाव्या कालव्याच्या या मुलखांत कित्येक विहिरींचें पाणी क्षारयुक्त असतें. तेंच पाणी रेडिएटरमध्यें ओतलें, म्हणजे घरच्या बंबांत धरतो तसा थर आंतल्या बारीक नळ्यांत धरतो, आणि ऐन वैशाखांत इंजिन तापून गाडी वाटेंत उभी राहते. उत्पादकानें सांगितलेलें कूलंट याहून कितीतरी स्वस्त पडतें. कच्च्या रस्त्यांवर वरचेवर जाणार्‍या गाडीचा एअर फिल्टर पुस्तकांत दिलेल्या मुदतीच्या आधींच पाहावा. टायरची हवा सकाळीं, टायर थंड असतां तपासावी.

पेट्रोलचीही एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. त्यांत आतां २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें, आणि तें उंसापासूनही निघतें. त्यामुळें परदेशी तेलावरचा पैसा कांहीं अंशीं वांचतो. परंतु इथेनॉलची उष्णता पेट्रोलच्या मानानें सुमारें एक-तृतीयांश कमी असल्यामुळें लिटरमागें गाडी थोडी कमी धांवते. एप्रिल २०२३ पूर्वीं घेतलेली गाडी असेल, तर ती अशा मिश्रणास योग्य आहे कीं नाहीं हें उत्पादकाच्या पुस्तकांत पाहावें आणि रबरी नळ्या तपासून घ्याव्या.

आतां तिसरा वांटा. याविषयींच मोठा गैरसमज आहे. कायद्यानें सक्तीचा आहे तो तिर्‍हाइताचा विमा, ज्याला बोलण्यांत ‘थर्ड पार्टी’ म्हणतात. ही सक्ती आपल्या देशांत १ जुलै १९४६ पासून आली. हा विमा आपल्या गाडीचा नव्हे. आपल्या गाडीखालीं सांपडणार्‍या माणसाचा आहे. विम्यावांचून गाडी पकडली गेली तर पहिल्या खेपेस २,००० रुपये दंड होतो, आणि पुष्कळ लोक एवढाच हिशेब करून मुदत टळूं देतात.

खरा हिशेब असा आहे. साखर कारखान्यांच्या हंगामांत रात्रीं उंसाच्या ट्रॉल्या रस्त्यांत उभ्या असतात. त्यांना चुकवितांना आपली गाडी एका सायकलस्वारावर गेली. तो अठ्ठावीस वर्षांचा, स्वतःच्या धंद्यांत महिना १५,००० रुपये मिळविणारा, आणि त्याच्यावर चार माणसें अवलंबून. सर्वोच्च न्यायालयानें २००९ व २०१७ च्या निकालांत घालून दिलेल्या रीतीनें वर्षाची मिळकत १,८०,००० रुपये. पुढील वाढीसाठीं ४० टक्के मिळवून २,५२,०००. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा जातां १,८९,०००. आणि वयानुसार त्याची सतरा पट. रक्कम ३२,१३,००० रुपये होते. विमा असेल तर ती कंपनी देते. नसेल तर ती मालकावर पडते, आणि ती फेडावयास शेत विकावें लागतें. १ जून २०२२ च्या दराप्रमाणें या विम्याचा वर्षाचा हप्ता १,००० सी.सी.पर्यंतच्या खासगी गाडीस २,०९४ रुपये व त्यापुढें १,५०० सी.सी.पर्यंत ३,४१६ रुपये, अधिक कर.

विमा असूनही तीन ठिकाणीं घात होतो. परवाना नसलेल्या पोराच्या हातीं गाडी दिली, तर कंपनी भरपाई देऊनही ती मालकाकडून वसूल करूं शकते. पांढर्‍या पाटीची खासगी गाडी भाड्यानें फिरविली, तर कंपनी जबाबदारीच नाकारूं शकते. जुनी गाडी विकून परिवहन कार्यालयांत नांव बदललें नाहीं, तर नोंदीवरचाच मालक जबाबदार ठरतो. हें सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं स्पष्ट केलें आहे. ‘एमएच ४२’ ची पाटी असलेली गाडी मेव्हण्यास वा मित्रास देतांना कागदही त्याच दिवशीं बदलावेत.

म्हणून ज्या घरीं मोटार आहे, तेथें दर महिन्यास तेलाच्या पैशांबरोबर विमा, टायर व दुरुस्ती यांसाठींही थोडी रक्कम निराळी काढावी. ओढाताण झाल्यास नवीं आसनें, शोभेच्या वस्तु, फार काय, कांहीं दिवस फिरणेंही थांबवावें. परंतु तिर्‍हाइताच्या विम्याची मुदत एक दिवसही टळूं देऊं नये. त्या कागदावर आपली मोटारच नव्हे, तर दुसर्‍याचा संसारही उभा असतो.