राज्यशास्त्र शिकून पुढे काय?

बारावीचा निकाल लागतो. वडील वखरणीच्या घाईत असतात. मुलगी म्हणते, "बाबा, बी. ए. ला राज्यशास्त्र घेते." ते विचारतात, "घे बाई, पण त्यातून पुढारी व्हायचं का मास्तरीण?" तुमच्या घरीही हा प्रश्न निघाला असेल, म्हणून दोन शब्द.

पुढारी होण्याचे हे शिक्षण नव्हे. सत्ता कोणाच्या हाती असावी, तिला आवर कोणी घालावा, कराच्या पैशाचा हिशेब कोणी कोणाला द्यावा, हे या शास्त्राचे प्रश्न आहेत. उदाहरणासाठी आपला जिल्हा सोडायला नको. 1960 साली महाराष्ट्र राज्य झाले आणि त्याच वर्षी ग्रामीण कारभाराची घडी बसवण्यासाठी एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक, त्या वेळचे महसूलमंत्री. त्याआधी 1957 मध्ये दिल्लीच्या बलवंतराय मेहता समितीने खरा अधिकार पंचायत समितीला द्यावा, जिल्हा परिषद सल्ल्यापुरती ठेवावी आणि कलेक्टर तिचा अध्यक्ष असावा, असे सुचवले होते. नाईक समितीचे मत निराळे पडले. जिल्हा परिषदच बळकट करा, कलेक्टरला बाहेर ठेवा, आमदार-खासदारांनाही बाहेर ठेवा! 1961 चा कायदा या विचाराने झाला आणि 1 मे 1962 पासून आपल्या जिल्हा परिषदा सुरू झाल्या. यात कोणाचे म्हणणे बरोबर, ते का, याचा दोन्ही बाजूंनी विचार करता आला, की राज्यशास्त्र समजू लागले म्हणा.

आता पोटापाण्याचे. स्पष्टच सांगतो, नुसत्या बी. ए. वर नोकरी दाराशी चालून येत नाही. तिच्या जोडीला काहीतरी लागतेच. पदवीनंतर तीन वर्षांत वकिली होते. माध्यमिक शाळेत शिकवायचे तर बी. एड. हवे. महाविद्यालयात जायचे तर एम. ए. आणि वर नेट किंवा सेट परीक्षा. पण तिथे कायम जागा थोड्या, कित्येक जण वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर राबतात. हे ठाऊक असूनच त्या वाटेला जावे. तहसीलदार, गटविकास अधिकारी या जागा राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून भरतात. संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत राज्यशास्त्र हा 500 गुणांचा वैकल्पिक विषय घेता येतो, आणि उत्तरे मराठीत लिहिता येतात. मात्र जागांपेक्षा उमेदवार कितीतरी पट जास्त असतात. म्हणून किती वर्षे प्रयत्न करायचा, हे घरात बसून आधीच ठरवा. शेत गहाण टाकून शहरातले क्लास लावू नका.

केळापूर, घाटंजी, राळेगाव, मारेगाव या तालुक्यांतल्या काही गावांना 1996 चा पेसा कायदा लागू आहे. तेंदूपानासारख्या वनोपजावर तिथल्या ग्रामसभेला हक्क आहे. हा कायदा वाचून गावकऱ्यांना त्यांच्या बोलीत समजावून सांगणारी पोरे तिथे हवी आहेत.

गुरुजींना एक विनंती. वर्षातून चार ग्रामसभा कायद्यानेच घ्याव्या लागतात. पुढच्या सभेला नववी-दहावीची मुले घेऊन जा, मागे बसवा, आणि कोणी काय विचारले व सरपंचांनी काय उत्तर दिले, एवढे त्यांच्याकडून वहीत लिहून घ्या.