रात्री नऊचे ऊन

परदेशप्रवासाचा विषय घरात निघाला की प्रथम पारपत्र, व्हिसा आणि खर्च यांची चर्चा होते. आमच्या घरी सासूबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो निराळाच होता. "तिकडे सूर्य केव्हा मावळतो?"

सासूबाईंचे वय अडुसष्ट. कंदमूळत्याग आणि चौविहार हे दोन्ही नियम त्यांनी माहेरी असतानाच घेतले होते. युरोपला जायचे म्हणजे एक तर नियम दोन आठवडे गुंडाळून ठेवायचे, नाही तर दोन आठवडे खाखऱ्यावर काढायचे, अशी आपल्या समाजातील बहुतेक ज्येष्ठांची समजूत असते. त्यांचीही तशीच होती. माझ्या मुलाने फोनमध्ये पाहून सांगितले, "दादी, मेअखेरीस ल्युसर्नला सूर्य रात्री नऊ वाजून गेल्यावर मावळतो." त्यांना ते खरे वाटेना. त्यांनी त्याच्याकडून पुन्हा एकदा वाचून घेतले आणि मग एवढेच म्हणाल्या, "मग जाऊ या."

लग्नसराई संपताच कापडाचे दुकान मुनीमजींवर सोपवून आम्ही चौघे निघालो. ल्युसर्न, मिलान, जिनोआ आणि शेवटी अँटवर्प असा बेत होता. पर्यटन कंपनीबरोबर गेलो असतो, तर जेवणाची चिंता मिटली असती. पण बसच्या वेळेनुसार जेवायचे, हे सासूबाईंना मान्य नव्हते. म्हणून स्वयंपाकघर असलेली घरे भाड्याने घेतली. सामानात तांदूळ, मूगडाळ, खाखरे, पापड, सुकी चटणी आणि पाणी उकळण्याची विजेची किटली घेतली. तूप मात्र घेता आले नाही. युरोपीय संघ आणि स्वित्झर्लंड या दोन्ही ठिकाणी बाहेरच्या देशांतून प्रवाशांच्या सामानात दूध व दुधाचे पदार्थ आणण्यास बंदी आहे, आणि त्यात तूप आणि पेढेही आले. ज्यांना मुलीच्या घरी डबा भरून मिठाई न्यायची असेल, त्यांनी हे आधीच लक्षात घ्यावे. आमची अडचण झुरिकमध्येच सुटली. श्रीलंकेतून आलेले तमिळ लोक स्वित्झर्लंडमध्ये मोठ्या संख्येने राहतात. त्यांच्या एका दुकानात तूप, भेंडी आणि कच्ची केळीही मिळाली. कच्ची केळी पाहताच सासूबाईंचा चेहरा उजळला. ज्या घरात बटाटा येत नाही, त्या घरातील गृहिणीला कच्च्या केळीची किंमत सांगावी लागत नाही.

झुरिकहून एक दिवस ऱ्हाइनचा धबधबा पाहिला. उंची जेमतेम २३ मीटर, पण रुंदी १५० मीटर. पाण्याचा आवाज अंगावर येतो. हे पाणी बोडेन्से नावाच्या विस्तीर्ण सरोवरातून येते. त्या सरोवराचा आपल्याशी एक जुना संबंध आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवणारे, जैन हस्तलिखितांच्या शोधासाठी १८७४ मध्ये तरुण हेर्मान याकोबी यांना बरोबर घेऊन जैसलमेरच्या ग्रंथभांडारापर्यंत गेलेले पंडित गेओर्ग ब्यूलर याच सरोवरात १८९८ च्या एप्रिलमध्ये नौका वल्हवताना बुडून गेले. याकोबींनी पुढे आचारांग आणि कल्पसूत्र यांचा इंग्रजी अनुवाद केला. सासूबाईंनी नदीकडे पाहून हात जोडले. आजूबाजूच्या लोकांना त्या धबधब्यालाच नमस्कार करीत आहेत असे वाटले असावे.

ल्युसर्नमध्ये आम्हाला दिवसाची लांबी खऱ्या अर्थाने कळली. साडेपाचच्या सुमारास सूर्योदय, म्हणजे नवकारसी साडेसहाच्या आत. पण चतुर्दशीला सासूबाईंना पोरसी करायची होती. पोरसी म्हणजे दिवसाचा पहिला प्रहर. साडेपंधरा तासांच्या दिवसात प्रहर जवळजवळ चार तासांचा होतो. तेव्हा पच्चक्खाण पारायला साडेनऊ वाजले. आपल्याकडे या सुमारास ती सव्वातीन तासांच्या आसपास असते. "इथली पोरसी महाग आहे," त्या म्हणाल्या. संध्याकाळ तितकीच स्वस्त होती. सूर्यास्ताच्या दोन घटका आधी जेवण आटोपायचे म्हटले, तरी सव्वाआठपर्यंत वेळ. पिलातुस पर्वतावर जाणारी, १८८९ मध्ये सुरू झालेली, जगातील सर्वांत खड्या चढणीची दातेरी रेल्वे पाहून, चौदाव्या शतकातील लाकडी पुलावरून सावकाश चालत घरी येऊन, खिचडी शिजवून आम्ही उन्हात जेवलो. मुंबई-पुण्याला दुकान बंद करून घरी येईपर्यंत ज्यांचा चौविहार रोज धावतपळत होतो, त्यांना या गोष्टीचे मोल कळेल.

बाजारात त्या वेळी शतावरीच्या कुळातील अ‍ॅस्परॅगस नावाच्या कोंबांचा हंगाम होता. जर्मन भाषा बोलणाऱ्या प्रदेशात त्याचे केवढे कौतुक! पांढरे कोंब आणि हिरवे कोंब, असे दोन ढीग असतात. पांढरे कोंब मातीच्या ढिगाखाली, सूर्यप्रकाश न लागू देता वाढवतात. मग ते कंदमूळ मानायचे की नाही? मुलगा म्हणाला, तो देठ आहे, मूळ नव्हे. यजमानांनाही तसेच वाटले. सासूबाईंनी दोन्ही जुड्या हातात घेऊन पाहिल्या आणि पांढरी परत ठेवली. "जे उन्हात आले नाही, ते मला नको. हिरवी घे." शास्त्रार्थ कोणताही असो, तुपात परतलेले हिरवे कोंब उत्तम लागले.

हॉटेलातील न्याहारीच्या टेबलावर ज्या दोन गोष्टी हमखास मांडलेल्या असतात, मध आणि लोणी, त्या दोन्ही आपल्याकडे महाविगई आहेत, हेही येथे सांगून ठेवते. पाव निर्दोष वाटला, तरी सोबतीला काय ठेवले आहे ते पाहून घ्यावे.

ल्युसर्नहून मिलानची गाडी ५७ किलोमीटर लांबीच्या गोट्टहार्ड बोगद्यातून जाते. २०१६ मध्ये तो खुला झाला. बोगद्याच्या अलीकडे जर्मन पाट्या, पलीकडे इटालियन. इटलीसाठी आम्ही घरूनच एक कार्ड लिहून घेतले होते: मांस नको, मासे नकोत, अंडे नको, कांदा नको, लसूण नको, बटाटा-गाजर नको. खानावळीत बसले की ते कार्ड पुढे करायचे. मिलानला त्याचा चांगलाच उपयोग झाला. तेथील प्रसिद्ध पदार्थ केशर घातलेला पिवळाधमक भात. रंग आणि सुवास असा की आपला केशरी भातच वाटावा. पण पारंपरिक रीतीने तो कांदा, गुरांच्या हाडातील मगज आणि मांसाचा रस्सा घालून करतात. कार्ड पाहून वाढप्याने मान हलवली आणि भाताऐवजी टोमॅटो व तुळशीच्या जातीच्या पानांचा पास्ता सुचवला. आम्ही खात्री करून घेतली की पास्ता सुकवलेला, म्हणजे रव्याचा, बिनअंड्याचा आहे. तो आला. वाढप्याने अदबीने वरून पांढरा, खारट कीस भुरभुरला. सासूबाईंना तो फार आवडला. केवढ्या मोठ्या संकटातून सुटलो, असे म्हणत आम्ही समाधानाने उठलो.

संध्याकाळी मुलगा किराणा दुकानात पाणी आणायला गेला आणि बराच वेळ आला नाही. आला तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "मम्मी, तो कीस पार्मेजानोचा होता. मी पाकीट वाचले. दूध, मीठ आणि काल्यो." काल्यो म्हणजे रेनेट. दूध पिणाऱ्या वासराच्या जठरातून ते काढतात. पार्मेजानो रेज्जानो या नावाने विकायचे चीज त्याखेरीज दुसऱ्या कशाने विरजता येत नाही, असा त्याचा नियमच आहे. स्वित्झर्लंडचे ग्रुयेरही तसेच. आपल्याकडे पाकिटावर हिरवा ठिपका पाहायची सवय असते. युरोपात असा सक्तीचा ठिपका नाही. अंडे, दूध, मासे यांसह १४ ॲलर्जीकारक घटक पाकिटावर ठळक छापावेच लागतात, पण त्यांत रेनेट नाही आणि कांदा-लसूणही नाही. आमच्या कार्डावर चीज नव्हते, कारण दूध तर आपलेच, असे आम्ही धरून चाललो होतो. आणखी गंमत म्हणजे इटालियनमध्ये लसणाला म्हणतात आल्यो. एका अक्षराने आम्ही चुकलो.

आता सांगायचे की नाही? मुलाचे म्हणणे, सांगू नका. दादी उरलेले आठ दिवस बाहेरचे काही खाणार नाहीत आणि सहलीचा विचका होईल. यजमान म्हणाले, अजाणता घडले आहे, त्यांच्या मनाला कशाला क्लेश द्यायचे? मला दोन्ही पटत होते. पटत होते म्हणूनच झोप लागली नाही. पंचेचाळीस वर्षे ज्या बाईने ताटातला प्रत्येक घास विचारून घेतला, तिच्या ताटात काय होते हे आम्हा तिघांना ठाऊक आणि तिलाच ठाऊक नाही, ही गोष्ट काही केल्या मनातून जाईना. तरीही सकाळी मी बोलले नाही. ही माझी चूक.

दुपारी जिनोआला पोहोचलो. जेवायला बसल्यावर पुन्हा पास्ताच मागवला, या वेळी 'वरून काही नको' असे मुलाने स्वतः बजावले होते. सासूबाईंनी एक घास घेतला आणि वाढप्याकडे पाहून दोन बोटांनी भुरभुरण्याची खूण केली. कालचा तो कीस त्यांना हवा होता. वाढपी हसतमुखाने वाटी घेऊन आला. तोच मुलाने त्यांच्या ताटावर आपला पंजा आडवा धरला. कीस त्याच्या हातावर पडला.

मग सांगावेच लागले. त्याने सांगितले, मी नव्हे. सासूबाईंनी काटा खाली ठेवला. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. नंतर हात जोडून "मिच्छामि दुक्कडं" म्हणाल्या आणि माझ्याकडे वळून विचारले, "तुला केव्हा कळले?" मी म्हणाले, काल संध्याकाळी. "म्हणजे काल प्रतिक्रमणाला बसले तेव्हा तुम्हाला ठाऊक होते." त्या रागावल्या असत्या, तर बरे वाटले असते. "न कळता खाल्ले त्याची आलोचना महाराजसाहेबांकडे घेईन. पण तुम्ही गप्प राहिलात, त्याची आलोचना मी कशी घेऊ?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी आयंबिल केले: बिनतेलाचे उकडलेले हरभरे आणि कोरडा भात. मुलाने आयंबिल वगैरे काही केले नाही. तो लिंबाचे सरबत गोठवून केलेले आइस खाऊन आला, मात्र त्यात अंड्याचा पांढरा भाग नाही ना, हे तीनदा विचारून. कार्डावर त्याने सातवी ओळ आपल्या हाताने लिहिली.

जिनोआने त्यानंतर आम्हाला भरभरून दिले. तेथला जुना गरिबांचा पदार्थ फारिनाता. हरभऱ्याचे पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ, बस्स. मोठ्या तांब्याच्या परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात. बेसनाचे जाड धिरडेच म्हणा ना. कुठे कुठे वर कांदा घालतात, तेवढे विचारून घ्यावे. त्याच शहराची जगप्रसिद्ध हिरवी चटणी, पेस्तो, मात्र लसूण आणि चीज यांखेरीज होत नाही. तिला दुरूनच नमस्कार. जिनोआ हे व्यापाऱ्यांचे राज्य होते. सेंट जॉर्जची पेढी तेथे १४०७ मध्ये सुरू झाली. श्रीमंत घराण्यांच्या वाड्यांची सरकारी यादी असे, आणि राज्याचे पाहुणे आले की यादीतील वाड्याच्या मालकाने त्यांना उतरवून घ्यावे, असा नियम १५७६ मध्ये झाला. ते वाडे आजही उभे आहेत, २००६ पासून जागतिक वारशाच्या यादीत. अतिथिसत्काराची पाळी लावून दिलेली पाहून यजमान म्हणाले, आपल्या संघात स्वामीवात्सल्याचे नकरे असतात तसेच की!

शेवटचे तीन दिवस अँटवर्पचे. हिऱ्यांच्या व्यापारासाठी पालनपूरकडची जैन कुटुंबे १९६० नंतर तेथे स्थिरावली. शहराच्या विलराइक या उपनगरात, भारतात घडवून नेलेल्या संगमरवराचे जिनमंदिर आहे. आठ दिवसांनी दर्शन झाले तेव्हा सासूबाई गाभाऱ्यासमोर बराच वेळ बसून राहिल्या. आमच्या परिचयाच्या एका गुजराती कुटुंबाने संध्याकाळी जेवायला बोलावले. साडेसात वाजले होते आणि खिडकीतून ऊन थेट ताटावर येत होते. दाल-ढोकळी, कच्च्या केळीचे शाक, गरम फुलके. सासूबाई तृप्त होऊन म्हणाल्या, "बेटा, तुमच्या देशात चौविहार किती सोपा! रात्री नऊला ऊन."

त्या घरची सून हसली. "बा, तुम्ही जूनमध्ये आलात. डिसेंबरात या. साडेचार वाजून गेले की सूर्य मावळतो. मुलांची शाळा सुटते साडेतीनला. घरी आणून, गरम करून, वाढून होत नाही. मी डबा घेऊन शाळेच्या फाटकाशी उभी राहते. मोठा ट्राममध्ये बसून खातो, धाकटीला चालता चालता भरवते. पाऊस असला की छत्री एका हातात."

"आणि रोज?"

"रोज जमत नाही, बा. ज्या दिवशी जमत नाही, त्या दिवशी मोठा मंदिरात येऊन स्वतःच सांगतो."

सासूबाईंनी माझ्या मुलाकडे पाहिले, काही बोलल्या नाहीत. निघताना त्यांनी आमच्या सामानात उरलेले खाखऱ्यांचे चारही डबे मागून घेतले आणि त्या सुनेच्या ओटीत घातले. "डिसेंबरासाठी ठेव," म्हणाल्या. "फाटकाशी गरम करावे लागणार नाहीत."