मऊ टायर की कडक टायर?

संगणकावर मोटारशर्यतीचा खेळ खेळणारे विद्यार्थी आता पालघर-बोईसरच्या शाळांतही पुष्कळ आढळतात. शर्यत सुरू होण्यापूर्वी हा खेळ एक प्रश्न विचारतो : टायर मऊ हवेत की कडक? बहुतेक मुले मऊ टायर निवडतात, पहिल्या काही फेऱ्यांत झपाट्याने पुढे जातात, आणि मग एकेक गाडी त्यांना मागे टाकू लागते. असे का होते हे समजण्यासाठी प्रथम रबर या पदार्थाकडे पाहावे लागेल.

पालघर जिल्ह्यातील डहाणू-घोलवडचे चिकू प्रसिद्ध आहेत. कच्चा चिकू कापला की त्याचा पांढरा चीक बोटांना चिकटतो व सहजी निघत नाही. चिकूच्या झाडाचा चीक आणि रबराच्या झाडाचा चीक या दोहोंत पॉलिआयसोप्रीन हे बहुवारिक असते. आयसोप्रीनचे हजारो रेणू एकापुढे एक जोडले जाऊन त्याच्या लांबच लांब साखळ्या होतात व त्या शेवयांसारख्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. कच्चे रबर उन्हात चिकट होते आणि थंडीत कडक. १८३९ साली चार्ल्स गुडइयर यांना असे आढळले की गंधकाबरोबर तापवल्यास रबराचा हा दोष जातो. गंधकाचे अणू शेजारच्या साखळ्यांमध्ये पूल बांधतात. पूल थोडे असले तर रबर मऊ राहते, जास्त असले तर कडक होते. गंधक फारच वाढवले तर एबोनाइट तयार होते. जुन्या फाउंटनपेनांची काळी नळी याच एबोनाइटची असे. टायरच्या मिश्रणात याखेरीज काजळी व तेलही असते. काजळीमुळे टायर काळा दिसतो, पण ती घातलेली असते झीज कमी व्हावी म्हणून.

आता पकडीकडे वळू. घर्षण हे स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते, असा नियम आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. लाकूड व धातू तो बऱ्यापैकी पाळतात, रबर पाळत नाही. (शिक्षकांनी ही गोष्ट वर्गात मुद्दाम सांगावी. नियमाला मर्यादा असतात हे कळले की नियम अधिक चांगला समजतो.) रबराची पकड दोन प्रकारे निर्माण होते. एक म्हणजे रबराचे रेणू रस्त्यावरील खडीला क्षणभर चिकटतात. दुसरे म्हणजे रबर खडीच्या उंचसखल भागात दबते व पुन्हा वर येते. परंतु दबताना घेतलेली सगळी ऊर्जा ते परत देत नाही, काही भाग उष्णतेच्या रूपाने जातो. या गुणाला शैथिल्य म्हणतात. मऊ रबर खाचाखोचांत अधिक खोल शिरते, म्हणून दोन्ही प्रकारची पकड त्यात जास्त मिळते. मात्र तेच रबर जास्त तापते आणि खडीच्या टोकांवर त्याचे कण लवकर तुटतात. पकड आणि झीज यांचे मूळ असे एकच आहे.

तापमानाचाही येथे मोठा वाटा आहे. फार थंड झाल्यास रबराच्या साखळ्या हलेनाशा होतात. १९८६ साली ‘चॅलेंजर’ अवकाशयानाचा अपघात झाला, त्याला थंडीने ताठरलेले रबरी कडे कारणीभूत ठरले होते. फॉर्म्युला वन गाड्यांचे टायर सुमारे १०० अंश सेल्सिअसला उत्तम काम देतात. त्याहून बरेच तापले तर रबर दुर्बळ होते. खेळातल्या गाडीचे कडक टायर पहिल्या फेरीत घसरतात, याचे कारण ते अजून तापलेले नसतात.

दहावीतील अंकगणिती श्रेढी येथे उपयोगी पडते. समजा, मऊ टायरवर पहिल्या फेरीला ठरावीक वेळ लागतो आणि झिजेमुळे पुढील प्रत्येक फेरीला ०.१ सेकंद जादा लागतो. कडक टायर पहिल्याच फेरीत ०.८ सेकंदाने मागे आहे, पण तो दर फेरीला फक्त ०.०२ सेकंदाने मंदावतो. अकराव्या फेरीत दोघांचा वेग सारखा होतो. मात्र मऊ टायरने तोवर मिळवलेली आघाडी लगेच संपत नाही. बेरीज करून पाहा : दोघांचा एकूण वेळ सारखा होतो तो एकविसाव्या फेरीअखेर.

शर्यत ४० फेऱ्यांची असेल तर? कडक टायरवर न थांबता ४७.६ सेकंद जादा लागतात. मऊ टायरचे दोन संच वीस-वीस फेऱ्या वापरले तर ३८ सेकंद, अधिक टायर बदलण्यात गेलेला वेळ. हा वेळ ९.६ सेकंदांहून कमी असेल तर मऊ टायर जिंकतो, जास्त असेल तर कडक. थांबण्याच्या वाटेची लांबी किती, हे निवडीपूर्वी पाहायला हवे ते याकरिता.

खऱ्या शर्यतीतले उदाहरण आपल्याच देशातले आहे. २७ ऑक्टोबर २०१३ रोजी ग्रेटर नोएडा येथील बुद्ध सर्किटवर ६० फेऱ्यांची इंडियन ग्रां प्री झाली. कोरड्या शर्यतीत दोन्ही प्रकारचे टायर वापरणे नियमाने सक्तीचे होते व मऊ टायर तेथे फार लवकर झिजत होते. सेबॅस्टियन व्हेटेल यांनी मऊ टायरवर सुरुवात केली आणि दुसऱ्या फेरीअखेरच ते बदलून टाकले. त्या वेळी ते बरेच मागे पडले, पण शर्यत त्यांनीच जिंकली आणि चौथे जगज्जेतेपदही तेथेच मिळवले.

शर्यतीचे टायर गुळगुळीत असतात हे पाहून काहींना वाटते की आपल्या दुचाकीचा गोटा झालेला टायरही चांगली पकड देईल. हा समज धोक्याचा आहे. कोरड्या रस्त्यावर नक्षी नसली की रबराचा स्पर्श वाढतो हे खरे, पण ते रबर मऊ, ताजे व तापलेले हवे. पाऊस आला की शर्यतीतही खाचांचे टायर चढवतात. जुन्या टायरचे रबर हवेतील ऑक्सिजन व ओझोनमुळे ताठर झालेले असते, आणि पाण्याला वाट देणाऱ्या खाचाही उरलेल्या नसतात. बोईसर-चिल्हार रस्त्यावर जुलैमध्ये पाळी सुटल्यावर परतणाऱ्या कामगाराचा वेग ताशी ६० किलोमीटर धरू. घर्षण गुणांक ०.८ असेल तर ब्रेक लावल्यावर गाडी सुमारे १८ मीटरवर थांबेल. तो ०.४ झाला तर सुमारे ३५ मीटर लागतील. समोर ट्रक असेल तर या १७ मीटरांत सारे काही ठरते.

दुचाकीचे काही टायर मध्ये कडक व कडांना मऊ रबराचे करतात. सरळ जाताना मधला भाग झिजतो, वळणावर कडांची पकड लागते.

टायरच्या बाजूवर एका लांबट चौकटीत चार अंक कोरलेले असतात. ‘२३१९’ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. घरच्या गाडीवरचा आकडा शोधा, आणि नख दाबून त्या रबराची नव्या टायरच्या रबराशी तुलना करून पाहा.