मोठा मुतखडा: भोक किती लहान, की खडा किती निघाला?

ट्रॉम्बे, चीता कॅम्प, मानखुर्द या पट्ट्यात मुतखड्याचं नाव न ऐकलेलं घर विरळाच. उन्हात राबणारे कामगार, होडीवर दिवस काढणारे कोळी, सार्वजनिक शौचालयाची रांग टाळण्यासाठी पाणीच कमी पिणाऱ्या बायका, या सगळ्यांची लघवी घट्ट होते आणि खड्याला निमित्त मिळतं. सल्ल्यांनाही तोटा नसतो. पाच मिलिमीटरपर्यंतचा खडा बहुधा आपोआप पडून जातो, त्यामुळे तिथे हे सल्ले खपून जातात. दोन सेंटिमीटरच्या पुढे मात्र चुकीच्या समजुतीची किंमत किडनीला मोजावी लागते.

‘लेझरने काढून घ्या, बिनटाक्याचं होतं’ हा सर्वांत लाडका सल्ला. त्यातली माहिती खोटी नाही. आरआयआरएस या पद्धतीत लघवीच्या वाटेनेच सुमारे तीन मिलिमीटर जाडीची लवचिक दुर्बीण किडनीपर्यंत नेतात आणि लेझरने खडा फोडतात. शरीरावर कुठेही छेद नाही. अडचण आहे ती खड्याच्या आकारमानाची. खड्याची लांबी, रुंदी आणि जाडी दुप्पट झाली की फोडायचा ऐवज आठपट होतो, आणि हा सगळा चुरा त्याच बारीक वाटेने बाहेर यायचा असतो. म्हणून तीन सेंटिमीटरच्या खड्याला बऱ्याचदा दोन बैठका लागतात. काम लांबलं आणि आत सोडलेल्या सलाईनचा दाब वाढला, तर खड्यात दडलेले जंतू रक्तात शिरू शकतात. लघवीची कल्चर तपासणी आधी करायची ती यासाठीच. जंतुसंसर्ग असेल तर आधी तो आटोक्यात आणायचा, खड्याला हात नंतर.

युरोपियन असोसिएशन ऑफ युरॉलॉजीच्या मार्गदर्शक तत्त्वांत दोन सेंटिमीटरपेक्षा मोठ्या खड्यासाठी पहिली पसंती आहे ती पीसीएनएलला, म्हणजे पाठीतून दुर्बीण घालून खडा काढण्याला. याच शस्त्रक्रियेची लोकांना सर्वांत जास्त भीती वाटते. ‘किडनीला भोक पाडलं की ती कायमची अधू होते’ असं अगदी शिकलेली माणसंही सांगतात. ही पद्धत नवखी नाही. फर्नस्ट्रॉम आणि योहान्सन या स्वीडिश डॉक्टरांनी १९७६ साली ती प्रसिद्ध केली. एक्स-रे किंवा सोनोग्राफीत बघत सुई अशा जागेतून आत नेतात जिथे मोठ्या रक्तवाहिन्या कमी असतात. मग ती वाट हळूहळू रुंद करतात. त्यात किडनीचा मांसल भाग बराचसा बाजूला सरकतो, कापून काढला जात नाही. मागे राहणारा व्रण लहान असतो. किडनीचं खरं नुकसान करतो तो वर्षानुवर्षं आत बसून राहिलेला खडा.

धोके नाहीतच असं मात्र कुणी सांगू नये. रक्तस्राव होऊ शकतो, काहींना रक्त द्यावं लागतं, आणि क्वचित अँजिओग्राफी करून रक्तवाहिनी बंद करावी लागते. रक्त पातळ ठेवणारी औषधं ज्यांना थांबवता येत नाहीत, त्यांच्यासाठी दोन बैठका सोसूनही आरआयआरएस बरी ठरते.

नेहमीच्या पीसीएनएलमधली वाट आठ ते दहा मिलिमीटरची, मिनी-पीसीएनएलमधली साधारण पाच ते सातची. गुजरातेतल्या नडियादच्या मूळजीभाई पटेल युरॉलॉजिकल हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी २०११ साली मायक्रोपर्क मांडलं, त्यात ती दोन मिलिमीटरहूनही कमी आहे. त्यावरून ‘जितकं बारीक तितकं चांगलं’ अशी समजूत पसरली. बारीक वाटेत रक्त कमी जातं हे खरं, पण वेळ जास्त लागतो. किडनीच्या सगळ्या कप्प्यांत फांद्या फुटलेल्या स्टॅगहॉर्न खड्याला कधी रुंद वाट लागते, तर कधी दोन वाटा.

बाहेरून लहरी सोडून खडा फोडायचं यंत्र १९८० साली म्युनिकमध्ये प्रथम रुग्णावर वापरलं गेलं. लहान खड्याला ते आजही उपयोगी आहे. मोठा खडा त्याने फोडला तर तुकडे मूत्रवाहिनीत एकामागोमाग अडकून बसू शकतात.

सर्वांत घातक समजूत म्हणजे ‘दुखत नाही, तर घाई कशाला?’ वाटेत अडकलेला छोटा खडा माणसाला लोळवतो, पण स्टॅगहॉर्न कित्येकदा गप्प राहून किडनी निकामी करतो. किडनी किती काम करते हे डीटीपीए स्कॅनमधून कळतं. त्याच्या इंजेक्शनात किरणोत्सारी टेक्नेशियम असतं, हे ऐकून लोक बिचकतात. हे टेक्नेशियम मोलिब्डेनम-९९ पासून मिळतं, आणि १९८५ साली सुरू झालेल्या ट्रॉम्ब्याच्या ध्रुव अणुभट्टीत बनणाऱ्या समस्थानिकांत मोलिब्डेनम-९९ आहे. टेक्नेशियमचा प्रभाव दर सहा तासांनी निम्मा होतो. किडनी जवळपास बंद पडली असेल तर खडा काढून फारसा फायदा नाही. हे शस्त्रक्रियेआधीच कळायला हवं.

कुळथाच्या काढ्याने पोटात पाणी जातं, तेवढा त्याचा लाभ. कॅल्शियम ऑक्झलेटचा मोठा खडा त्याने विरघळत नाही. औषधाने विरघळू शकतो तो युरिक ॲसिडचा. दूध सोडण्याचा सल्ला तर उलटा पडतो, कारण जेवणातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं. ते कमी झालं की लघवीत ऑक्झलेट वाढतं.

खर्चाची धास्ती खरी आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या उपचारांच्या यादीत पीसीएनएल आहे. शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी रुग्णालयात तेवढं विचारावं.

शस्त्रक्रियेनंतर आत ठेवलेली डीजे स्टेंट नावाची नळी डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीत काढून घ्यावी लागते. बरं वाटू लागल्यावर अनेक जण ती विसरतात. राहिलेल्या नळीवर क्षार साठतात, आणि मग ती काढायला पुन्हा पाठीतून दुर्बीण घालायची वेळ येऊ शकते.