४.७ जीबीतलं लग्न

मावशीच्या शोकेसमध्ये चांदीच्या गणपतीशेजारी एक डीव्हीडी उभी आहे. कव्हरवर बदामाच्या आकारात नवरानवरी, मागे कुठला तरी बर्फाचा डोंगर आणि कोपऱ्यात शूटिंगवाल्याचा मोबाइल नंबर. मावसबहिणीचं लग्न २००७ सालचं. तगादा लावल्याशिवाय शूटिंगवाला कॅसेटी हातात घेत नाही, असा घरात सगळ्यांचा समज होता. त्यामुळे रोज संध्याकाळी मिक्सिंगच्या, म्हणजे शूटिंगची कापाकापी-जोडणी होते त्या दुकानात जाऊन बसायचं काम माझ्याकडे आलं. तगादा राहिला बाजूला, मी ते काम बघतच बसायचो.

मला त्यात रस असण्याचं कारण वेगळं होतं. त्याच्या थोडं आधी घरच्या कॉम्प्युटरला मी डीव्हीडी रायटर बसवून घेतला होता आणि एका वाढदिवसाची एव्हीआय फाइल ओढून ब्लँक डिस्कवर राइट केली होती. मोठ्या दिमाखात ती मावशीकडे नेली. प्लेअरने डिस्क आत घेतली, दोन-तीनदा घरघर केली आणि पडद्यावर ‘नो डिस्क’ अशी पाटी दाखवली. डिस्क तर त्याच्या पोटात होती! मावशीने कौतुकाने केलेला शिरा तेवढा खाऊन परत आलो.

चूक साधी होती. मी डिस्कवर फाइल ठेवली होती, डीव्हीडी केली नव्हती. त्या काळचा साधा प्लेअर हा कडक सोवळ्यातला प्राणी. त्याला चित्र एमपेग-२ मध्येच हवं. आपल्याकडच्या टीव्हीच्या ‘पाल’ पद्धतीत ते ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, सेकंदाला २५ चौकटी असलेलं, आणि त्यातही ठरलेल्या वेगाच्या मर्यादेत बसणारं. आवाज ४८ किलोहर्ट्झचा. आणि हे सगळं ‘व्हिडिओ_टीएस’ नावाच्या फोल्डरमध्ये, ठरलेल्या नावांच्या फायलींत. चित्र आणि आवाज व्हीओबी फायलींत, एकेक जास्तीत जास्त १ जीबीची. कुठून काय सुरू होतं याची अनुक्रमणिका आयएफओ फाइलमध्ये, आणि ती खराब झालीच तर तिची नक्कल बीयूपीमध्ये. शेजारी बरेचदा ‘ऑडिओ_टीएस’ हा रिकामा फोल्डर असायचा. मिक्सिंगवाला म्हणायचा, “तो असू दे. काही प्लेअरना तो दिसला नाही की ते रुसतात.”

हे सोवळं १९९५ साली ठरलं. तोशिबाचा गट एका बाजूला, सोनी-फिलिप्स दुसऱ्या बाजूला, आणि दोघांच्या डिस्क वेगळ्या. कॉम्प्युटरवाल्या कंपन्यांनी, त्यातही आयबीएमने, दट्ट्या लावला तेव्हा दोघांनी मिळून एकच डिस्क मान्य केली. १९९६ च्या नोव्हेंबरमध्ये जपानमध्ये पहिले प्लेअर विकायला आले. पुढे घरी राइट करायच्या डिस्कवरून भाऊबंदकी पुन्हा उफाळली आणि दुकानात ‘मायनस आर देऊ का प्लस आर’ हा प्रश्न आपल्या वाट्याला आला. आमचा मिक्सिंगवाला मायनसवाला. जुने प्लेअर ती बिनबोभाट घेतात, एवढंच त्याचं कारण.

तर लग्न. मिनी डीव्हीच्या तासातासाच्या चार कॅसेटी होत्या. त्या कॅमेऱ्यातून फायरवायर केबलने कॉम्प्युटरमध्ये घ्यायच्या म्हणजे चार तास बसून राहायचं, कारण कॅसेट तिच्या चालीनेच चालते. तासाला सुमारे १३ जीबी या हिशेबाने पन्नासच्या वर जीबी झाले. मिक्सिंग होऊन तीन तासांचं लग्न उरलं. डिस्कवर जागा ४.७ जीबी, आणि तीही छापील. कॉम्प्युटर मोजतो १०२४ च्या पटीत, त्यामुळे त्याला ती ४.३८ दिसते. दूधवाल्याचं माप आणि घरचं माप, तसं.

इथून पुढे सगळी वाटणी. ४.७ जीबीला तीन तासांनी भागलं की सेकंदाला साडेतीन मेगाबिटच्या आसपास हाती येतात. आवाज जसाच्या तसा, पीसीएममध्ये ठेवला तर त्यातले दीड मेगाबिट एकटी सनईच खाऊन टाकते. म्हणून आवाज डॉल्बीच्या एसी-३ मध्ये आवळायचा, म्हणजे तो ०.२ मध्ये भागतो. उरलेल्या ३.३ मध्ये चित्र. डीव्हीडीवर चित्राला ९.८ पर्यंत मुभा असते, म्हणजे आपलं लग्न तिसऱ्या हिश्श्यावर गुजराण करणार.

कमी जागेत चित्र बसतं ते एमपेगच्या एका युक्तीमुळे. पाल डिस्कवर जास्तीत जास्त १५ चौकटींच्या गटात एक चौकट पूर्ण लिहायची. बाकीच्यांत फक्त कुठला तुकडा कुठे सरकला आणि काय बदललं, एवढंच टिपायचं. सीमांतपूजनाला पाटावर बसलेले व्याही या युक्तीला फार मानवतात. मागचा पडदा हलत नाही, व्याहीही फारसे हलत नाहीत. एक चौकट लिहिली की पुढे लिहायला काही उरत नाही.

आणि मग येतात अक्षता.

मिक्सिंगवाल्याने मला तो भाग मुद्दाम थांबवून थांबवून दाखवला होता. शेवटचं ‘सावधान’ झालं, अंतरपाट खाली आला आणि दोनशे हातांतून तांदूळ सुटले. प्रत्येक दाणा वेगळ्या दिशेने जाणारा, आधीच्या चौकटीत कुठेच नसलेला. त्यात दोन फोटोग्राफरांचे फ्लॅश. फ्लॅश पडला की अख्खी चौकट पांढरी होते, म्हणजे ‘मघाचंच चित्र थोडं सरकलं’ हे म्हणायची सोयच संपते. ३.३ मेगाबिटमध्ये हे मावत नाही. मग सॉफ्टवेअर नाइलाजाने तपशील सोडून देतं आणि पडद्यावर चौकोनी ठोकळे उठतात. नवरीच्या तोंडाचा मोझॅक होतो. ज्या चार सेकंदांसाठी शूटिंगवाला बोलावला, नेमकी तीच चार सेकंद डीव्हीडीला सगळ्यात जड जातात. पाठवणी, पंगत, अगदी बँडवाल्यांसमोरचा नाचसुद्धा ती सांभाळून नेते.

त्यावर तोड म्हणजे दोन फेऱ्यांचं एन्कोडिंग. पहिल्या फेरीत सॉफ्टवेअर सगळं लग्न नुसतं बघून घेतं, कुठे किती लागणार याचा अंदाज बांधतं. दुसऱ्या फेरीत वाढतं. व्याह्यांच्या ताटात कमी, अक्षतांच्या ताटात जास्त. कसलेला आचारी पंगतीवर आधी एक नजर फिरवून मगच वाढप्यांना हाक मारतो, तोच प्रकार. वेळ मात्र दुप्पट. त्याच्या कॉम्प्युटरला अख्खी रात्र लागायची, तो शटर ओढून घरी जायचा.

दुसरा उपाय सरळ होता. दोन डिस्क करायच्या. पण आमच्याकडून निरोप गेला, “एकातच बसव. दुसरी कुठे तरी हरवते.” निरोप मावशीचाच.

सकाळी मेनू. हळद, अक्षता, सप्तपदी, पाठवणी अशी चार बटणं, मागे बदामात फिरणारा फोटो. बटणं कडेला नेली तर जुन्या टीव्हीच्या चौकटीखाली जातात, म्हणून ती सगळी आत ओढलेली. मग नीरो. डिस्क राइट करायच्या या सॉफ्टवेअरचं पूर्ण नाव ‘नीरो बर्निंग रॉम’, चिन्हात जळतं कोलोसिअम. नाव ठेवणाऱ्याला शंभर मार्क, पण कोलोसिअम बांधायला घेतलं तेच नीरो मेल्यावर.

त्या डिस्कच्या पोटात, ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मध्ये, रंगाचा एक पातळ थर असतो. ६५० नॅनोमीटरचा लाल लेझर जिथे जोरात पडतो तिथे तो रंग कायमचा बदलतो. राइट करणं म्हणजे एवढंच. आतून सुरू होऊन कडेकडे जाणारी ही एकच गोल गोल रेघ सरळ केली तर साडेअकरा-बारा किलोमीटर भरते, म्हणजे पश्चिम रेल्वेने दादर ते अंधेरी. १ एक्स वेगाने तेवढं लिहायला तासाभराच्या आत-बाहेर वेळ लागायचा. डिस्कवर १६ एक्स छापलेलं असलं तरी मिक्सिंगवाला ४ एक्सवरच लिहायचा. “घाईत लिहिलेलं कुणाला वाचता येतं का?”

एक प्रत अमेरिकेतल्या काकांना पाठवली. तिथल्या प्लेअरने ती घेतली नाही, कारण तिकडे टीव्हीची पद्धत एनटीएससी, सेकंदाला जवळजवळ तीस चौकटी. काकांनी कॉम्प्युटरवर बघितली आणि आवाज कमी असल्याची तक्रार केली.

असल्या ब्लँक डिस्क एकेकाळी ग्रेटर नोएडात मोसर बेअरच्या कारखान्यात ढिगांनी निघायच्या. त्या कंपनीचं २०१८ साली दिवाळं वाजलं. मिक्सिंगवाला आता पेन ड्राइव्ह देतो. लॅपटॉपला डिस्कची फटच नसते, आणि उरलेल्या डिस्क शेतात पाखरं हाकायला दोरीवर लटकतात.

मावशीचा प्लेअर मात्र अजून चालतो. मागच्या दिवाळीत आम्ही ती डिस्क लावली. मेनू आला, बदाम फिरला. अक्षतांना ठोकळे उठले ते उठलेच; दोन फेऱ्यांनी त्यातले निम्मे कमी झाले असावेत. पाठवणीला गाडी फुलांनी सजलेली दिसली आणि चित्र गोठलं. भरलेल्या डिस्कचा शेवट बाहेरच्या कडेला असतो, आणि हाताळून हाताळून झिजते तीही बरेचदा कडच.

मी डिस्क काढून पुसायला लागलो, तर मावशी म्हणाली, “राहू दे रे. पुढे नुसती रडारड आहे.”