चार पटाश्या आणि एक लेथ

चाड्यावर मूठ धरून पेरणी करण्याचे दिवस परभणी जिल्ह्यातही ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्रानं मागे सारले. पण एखाद्या माळवदाच्या घरात भिंतीला टेकवलेली तिफण दिसलीच, तर तिचं चाडं हातात घेऊन बघावं. लाकडाचा एकसंध गोल ठोकळा, वरून पसरट, आत निमुळता होत गेलेला आणि तळाशी सारख्या अंतरावर पाडलेली भोकं. मुठीतून सुटलेलं बियाणं या भोकांतून नळ्यांत आणि नळ्यांतून मातीत जायचं. आतली गोलाई बिघडली तर बी एका अंगाला साचणार, एक तास दाट आणि दुसरं विरळ येणार. काही चाडी नुसती कोरलेली असत, काही कातलेली. कातलेल्या चाड्यावर पटाशीच्या बारीक गोल रेषा बोटांना आजही लागतात.

लाटणं, रवी, जात्याचा खुंटा, पाळण्याचे दांडे, पलंगाचे पाय, देव्हाऱ्याचे खांब, पोरांचा भोवरा हा सगळा संसार एकाच यंत्रावर उभा राहिला. ते यंत्र म्हणजे लाकडाचा लेथ. तो चालवणारे कातारी आणि खरादी गावोगाव कमी झाले, तरी यंत्र सोपंच राहिलं आहे. शिकू पाहणाऱ्याला अडवते ती महागड्या हत्यारांच्या संचाची धास्ती. ही धास्ती अनाठायी आहे. परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेड अशा कुठल्याही गावात चार पटाश्या, एक सान आणि बांधावरचं लाकूड एवढ्यावर हे काम सुरू करता येतं. फक्त पैसा कुठे घालायचा आणि कुठे राखायचा, हे आधी कळायला हवं.

सुताराच्या बाकी कामात लाकूड स्थिर असतं आणि हत्यार चालतं. लेथवर हत्यार टेकलेलं असतं आणि लाकूड फिरतं. डावीकडे मोटरनं फिरणारा हेडस्टॉक, उजवीकडे लाकूड दाबून धरणारा टेलस्टॉक, दोघांना एका रेषेत ठेवणारा बेड आणि पटाशी टेकवायला टेकणी म्हणजे टूल रेस्ट, एवढेच त्याचे भाग. इजिप्तमध्ये पेटोसिरिसच्या थडग्यात लेथचं चित्र आहे, ते सुमारे 2300 वर्षांपूर्वीचं. आपल्याकडचा जुना हातलेथही त्याच जातीचा. दोन टोकांत अडकवलेल्या लाकडाला दोरीचा वेढा द्यायचा, एकानं दोरी ओढायची आणि दुसऱ्यानं जमिनीवर बसून पटाशी धरायची. दोरीच्या एका ओढीला लाकूड पुढे फिरतं, दुसऱ्या ओढीला मागे. कापायचं ते फक्त पुढच्या फेरीत. अशा साधनांवर आपल्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या काम केलं आहे.

महाराष्ट्रात या कामाचं ठळक नाव सावंतवाडीचं. तिथल्या चितारआळीत लाकडी खेळणी आणि फळं अजून मिळतात. मागे पडत चाललेलं लाखकाम आणि गंजिफा, म्हणजे हातानं रंगवलेले पत्ते, यांना राजे शिवरामराजे आणि राणी सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच कारागीर बसवून पुन्हा उभं केलं. कर्नाटकातलं चन्नपट्टण तर कातलेल्या खेळण्यांवरच ओळखलं जातं. तिथे काळ्या कुड्याचं पांढरट, मऊ लाकूड फिरत असताना त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबतात. घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळून लाकडाला धरते आणि केवड्याच्या पानानं घासली की तिला चकाकी येते. मराठवाड्याला असं नाव नाही, पण लाकूड आहे, लोहार आहेत आणि मोटर दुरुस्त करणारे आहेत. सुरुवातीला एवढं पुरतं.

आधी यंत्राचं बघू. बाजारात बाकावर ठेवण्याजोगे छोटे लेथ मिळतात. फॅब्रिकेशनवाल्याकडून सी-चॅनलचा बेड, दोन पेडेस्टल बेअरिंग आणि अर्ध्या किंवा एक हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटर घेऊन लेथ बांधताही येतो. साध्या मोटरचे फेरे मिनिटाला 1440 च्या आसपास असतात. पायऱ्यांच्या पुलीवर पट्टा सरकवला की ते निम्मेही होतात, दुप्पटही होतात. नवा असो की जुना, लेथ घेताना दोन गोष्टी तपासाव्यात. हेडस्टॉक आणि टेलस्टॉकची टोकं समोरासमोर आणली की नेमकी भिडली पाहिजेत, आणि स्पिंडल हातानं हलवून पाहिला तर त्यात ढिलेपणा नको. रंग उडालेला चालेल, हलणारा बेड चालणार नाही. मोटरला अर्थिंग आणि पट्ट्यावर झाकण हवंच.

हत्यारांच्या मोठ्या संचातल्या निम्म्या पटाश्या पहिल्या वर्षी बाहेरही निघत नाहीत. सुरुवातीला चार पुरतात. चौकोनी लाकूड गोल करायला रुंद गोल पटाशी, खाचा आणि मणी पाडायला अर्ध्या इंचाच्या आतली बारीक गोल पटाशी, गुळगुळीत शेवटचा हात फिरवायला तिरकी पटाशी आणि माप पाडून तोडायला पार्टिंग टूल. वाटी किंवा वाडगा करायचा झाला की बोल गाउज आणि गोल नाकाचा स्क्रेपर घ्यावा. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची: दांड्याची रुंद गोल पटाशी वाडग्यावर कधीही लावायची नाही. तिचा मुठीत जाणारा भाग बारीक असतो. वाडग्याच्या आडव्या नसांत ती अडकली तर तिथेच तुटते आणि पातं अंगावर येतं.

पटाशी शक्यतो एचएसएस, म्हणजे हाय स्पीड स्टीलची घ्यावी. सानेवर तापून निळी पडली तरी तिचा कडकपणा टिकतो. साध्या पोलादाची पटाशी निळी पडली की तिचं पाणी उतरलं, म्हणून ती वरचेवर पाण्यात बुडवत धार लावावी लागते. बिनमुठीचं पातं मिळालं तर ते घ्यावं आणि मूठ स्वतः कातावी. ट्रकच्या कमानपाट्यापासून लोहार चांगला स्क्रेपर घडवून देतो. जुन्या कानशीचा स्क्रेपर मात्र करू नये. कानस ठिसूळ असते, झटका बसला की तिचे तुकडे उडतात. बदलत्या कार्बाइड पात्यांचं हत्यार नवख्याला सोपं पडतं, कारण त्याला धार लावावी लागत नाही. पण ते लाकूड खरवडतं आणि त्याची पाती पुन्हा पुन्हा विकत घ्यावी लागतात. लाकूड पकडणाऱ्या चार जबड्यांच्या चकची किंमत कित्येक पटाश्यांएवढी होते. पहिल्या वाडग्यांना साधा फेसप्लेट आणि चार स्क्रू पुरतात.

वाचलेला पैसा सानेत घालावा. लेथवरच्या लाकडाचे मीटरच्या मीटर पटाशीखालून काही सेकंदांत सरकतात, त्यामुळे धार भराभर जाते आणि कामाच्या अधूनमधून परत लावावी लागते. सहा किंवा आठ इंची बेंच ग्राइंडर, त्याला पांढरं 80 ग्रिटचं चाक आणि कोन कायम ठेवणारी टेकणी एवढी जुळणी पुरे. गोल पटाशीला साधारण 40 ते 45 अंशांचा उतार ठेवावा. कोन जुळला की नाही हे कळायला उतारावर मार्करची शाई फासायची, बंद ग्राइंडरचं चाक हातानं जरासं फिरवायचं आणि शाई कुठे पुसली ते बघायचं. टोकाकडेच पुसली तर कोन बोथट होतोय, मागेच पुसली तर धारेला चाक लागतच नाही. सगळीकडे सारखी पुसली की मोटर सुरू करायची.

आता प्रत्यक्ष काप. पटाशी आधी लेथच्या टेकणीवर टेकवायची. मग धारेमागचा उतार फिरत्या लाकडावर नुसता घासू द्यायचा, त्या वेळी काहीच कापलं जात नाही. मग मूठ हळूच वर उचलायची. धार खाली येते, लाकडाला लागते आणि सालपट सुटायला लागतं. हा क्रम बदलला आणि धार आधी लागली की पटाशी अडकते, हाताला हिसका बसतो आणि लाकडावर मळसूत्रासारखा चरा उमटतो. काप बरोबर असेल तर आवाज एकसारखा सुस्कारा टाकल्यागत येतो आणि अखंड सालपट मनगटावरून वाहत राहतं. भुकटी उडायला लागली तर जोर वाढवू नये, सानेकडे जावं.

लाकडाच्या बाबतीत परभणीकर श्रीमंत आहे. गाडीच्या चाकाचा तुंबा ज्या बाभळीचा होतो, ती कठीण आणि चिवट. हत्यारांच्या मुठींना तिच्यासारखं लाकूड नाही. सुबाभूळ नवख्या हाताला मानवते. कडुनिंब बरा कापला जातो, पण त्याची भुकटी घशाला कडू लागते. बोरीचं लाकूड घट्ट, लालसर. सागवान, आंबा, चिंच अशी झाडं तोडायला परवानगी लागते, आणि कातकामासाठी झाड तोडायची गरजही नाही. वादळात पडलेली, बांधावर छाटलेली फांदी पुरते. चाळिशीपार जाणाऱ्या उन्हात ओलं लाकूड टाकलं की ते टोकांकडून तडकतं. म्हणून दोन्ही टोकांना मेण किंवा रंग फासून ते सावलीत रचावं. वाडगा ओल्या लाकडाचाच ढोबळ कातून घ्यावा, त्याची भिंत व्यासाच्या दहाव्या हिश्श्याएवढी जाड ठेवावी आणि काही महिने सुकल्यावर पुन्हा गोल करावा.

शेवटचा हात तेलाचा. जवसाचं तेल हवेत सुकून घट्ट होतं. करडईचं निम्मं सुकतं. परभणीच्या कृषी विद्यापीठानं ‘परभणी कुसुम’सारखा वाण ज्या पिकाला दिला, तीच ही करडई. शेंगदाण्याचं तेल मात्र सुकत नाही, पुढे खवट होतं. जवसाच्या तेलानं भिजलेला बोळा गोळा करून टाकू नये, तो आपोआप पेट घेऊ शकतो. बाहेर पसरून वाळवावा.

फेऱ्यांचा हिशेब सोपा आहे. लाकडाचा इंचांतला व्यास आणि मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार 6000 ते 9000 च्या दरम्यान ठेवायचा. आठ इंची वाडग्याला 750 ते 1100 फेरे झाले. वेडंवाकडं लाकूड त्याहून बरंच हळू सुरू करायचं. मोटर सुरू करण्याआधी लाकूड हातानं एकदा पूर्ण फिरवून बघायचं आणि सुरू करताना बाजूला उभं राहायचं. चेहऱ्यावर फेस शील्ड हवी. पदर, ओढणी, उपरणं, सैल बाही आणि हातमोजे लेथजवळ आणायचे नाहीत. पॉलिश पेपर मारताना टेकणी काढून ठेवायची. लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं कर्करोगकारक ठरवलं आहे, म्हणून मास्क रोजचा.

पहिलं काम खुरप्याच्या मुठीचं करावं. बाभळीचा वीतभर तुकडा, तळहाताला भरेल एवढा मधला फुगवटा, टोकाला एक मणी आणि लोखंडी कडी बसवायला खांदा. या एका मुठीत चारही पटाश्यांचं काम येतं आणि ती बिघडली तर चुलीत जाते, नुकसान काही नाही. मग भोवरा, मग लाटणं, मग वाडगा. तालुक्याच्या गावी पलंगाचे पाय कातणारा कारागीर अजून असेल, तर त्याच्या शेजारी चार दिवस उभं राहावं. पटाशी कशी धरायची हे त्याच्या कोपराकडे बघून जितकं कळतं, तितकं कुठल्याही पुस्तकातून कळत नाही. त्याच्या कामाचे आणि वेळेचे पैसे त्याला रोख द्यावेत. लेथ छोटा घ्या, हत्यारं मोजकी घ्या, पण साध्या ग्राइंडरवर धार लावायला आधी शिका. ज्याच्या पटाशीला धार आहे, त्याचं कातकाम सुरू झालं असं समजावं.