गटारात उतरणाऱ्याला हॅकेथॉनमध्ये खुर्ची कधी?

अभियांत्रिकीला शिकणारी आपल्या वस्त्यांतील मुले हल्ली ‘हॅकेथॉनला जातो’ म्हणून घरी सांगतात आणि आई-बापाला काही उलगडत नाही. हॅक म्हटले की त्यांना बँकेतले पैसे पळवणारे चोर आठवतात. म्हणून आधी शब्दाचा खुलासा करू. हॅक म्हणजे इथे अडचणीवर शोधलेला नामी तोडगा, आणि त्याला जोडली मॅरेथॉन. एका छताखाली जमायचे, एक प्रश्न हाती घ्यायचा आणि रात्रंदिवस खपून त्यावर चालणारा नमुना करून दाखवायचा. १९९९ साली कॅनडातील कॅलगरी शहरात ओपनबीएसडी ही संगणकप्रणाली घडवणारे मोजके लोक असे जमले, तेव्हापासून हे नाव रूढ झाले. आपल्याकडे केंद्र सरकारने २०१७ पासून ‘स्मार्ट इंडिया हॅकेथॉन’ सुरू केली. मंत्रालये, राज्य सरकारे आणि कंपन्या त्यात आपापले प्रश्न मांडतात. महाविद्यालयात आधी चाळणी लागते, संघ सहा जणांचा असतो आणि सॉफ्टवेअरची अंतिम फेरी सलग ३६ तास चालते.

आम्ही या प्रकाराच्या विरोधात नाही. गाईड पाठ करून पदवी मिळवण्याच्या शिक्षणापेक्षा हे शतपटीने बरे. इथे उत्तर पुस्तकाच्या मागे छापलेले नसते. पण आमचा सवाल वेगळा आहे. इथे प्रश्न कोण मांडतो आणि उत्तर शोधायला कोण बसतो?

मराठवाड्यातील एका महाविद्यालयाने अशाच स्पर्धेत कायद्यावर बोलायला आम्हाला बोलावले होते. एका संघाने मॅनहोलमधील विषारी वायू ओळखणारे छोटे यंत्र बनवले होते. तोंडाशी धरले की हिरवा किंवा लाल दिवा लागायचा. मुले हुशार होती, मनाने चांगली होती. आम्ही विचारले, ‘गटारात उतरणाऱ्या एखाद्या कामगाराशी बोललात का?’ सगळे एकमेकांकडे पाहू लागले. आमच्याकडे भावाच्या नुकसानभरपाईच्या दाव्यासाठी येणारे एक सफाई कामगार काका त्याच शहरात राहतात. आम्ही फोन केला, ते आले. त्यांनी यंत्र हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि म्हणाले, ‘पोरांनो, वर तोंडाशी काही नसतंय. बांबूनं गाळ ढवळला की खालनं गॅस उठतो. तुमचा दिवा हिरवा राहील आन् माणूस आत मरंल.’

मुलांनी रातोरात यंत्र लांब काठीच्या टोकाला बांधले आणि गाळ ढवळल्यावर मोजणी करायचे ठरवले. छत्तीस तासांत पुस्तकातून जे कळले नव्हते ते काकांच्या दोन वाक्यांनी कळले. पण जाताना काका आणखी एक वाक्य बोलले. ‘हे समदं ठीक हाय, वकीलसाहेब. पण मी म्हणतो, माणसानं उतरायचंच कशाला?’

बांधवहो, कायदा नेमके हेच विचारतो! हाताने मैला उचलण्यास प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा त्याच वर्षी ६ डिसेंबरला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी अमलात आला. त्याच्या कलम ३३ ने गटारे आणि शौचटाक्यांच्या सफाईसाठी योग्य यंत्रसामग्री वापरणे हे स्थानिक संस्थांचे कर्तव्य ठरवले आहे. म्हणजे यंत्र ही कोणाची मेहेरबानी नाही. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासून गटारात मेलेल्यांच्या वारसांना प्रत्येकी १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाखांवर नेली. भरपाईचा आकडा वाढवावा लागतो, याचा अर्थ माणसे अजून मरत आहेत. असे असताना ‘किती वायू असताना उतरावे’ हा प्रश्नच चुकीचा होता. तो प्रश्न न उतरणाऱ्यांनी काढला होता.

योग्य प्रश्न घेतला की काय होते ते केरळने दाखवले. २०१५ साली कोझिकोडमध्ये मॅनहोलमध्ये दोन कामगार आणि त्यांना वाचवायला उतरलेला एक रिक्षाचालक गुदमरून मेले. त्यानंतर तिथल्या काही तरुण अभियंत्यांनी ‘बँडिकूट’ हा मॅनहोल साफ करणारा यंत्रमानव घडवला. २०१८ साली तो तिरुवनंतपुरममध्ये कामाला लागला आणि पूर्वी गटारात उतरणाऱ्या कामगारांनाच तो चालवण्याचे शिक्षण दिले गेले. पण हे काम छत्तीस तासांत झाले नाही. त्याला वर्षे लागली, सरकारी पैसा लागला, पाणीपुरवठा खात्याची साथ लागली. आम्ही पाहिलेले ते काठीवरचे यंत्र मात्र परीक्षा आली तसे महाविद्यालयाच्या कपाटात गेले.

हा दोष केवळ आपल्या देशातला नाही. अमेरिकेतील एमआयटी या नामांकित संस्थेत २०१४ साली मातांसाठी दूध काढण्याचा पंप सुधारण्याची हॅकेथॉन झाली. नंतर आयोजकांनाच उमगले की, त्यातून निघालेल्या कल्पना सुखवस्तू बायांच्याच सोयीच्या होत्या. २०१८ साली त्यांनी ती पुन्हा भरवली, तेव्हा कृष्णवर्णीय आणि गरीब मातांना सोबत घेतले आणि बाळंतपणाच्या पगारी रजेच्या धोरणावर वेगळी परिषदही जोडली. चूक कबूल करून ती दुरुस्त करता येते, हे त्यांनी दाखवले. आपले आयोजक कधी दाखवणार?

प्रतिनिधित्वाचे नाव काढले की इथे लगेच गुणवत्तेची ओरड होते. पण स्मार्ट इंडिया हॅकेथॉनच्या नियमांतच सहा जणांच्या संघात किमान एक मुलगी हवी, अशी अट आहे. त्या अटीने कोणाची गुणवत्ता बुडाली? मग जिच्या बापाने गटार उपसले तिला, ज्याच्या घरी लॅपटॉप नाही त्याला संघात आणण्याचा नियम का होऊ नये? प्रश्न सफाईचा असेल तर परीक्षकांच्या रांगेत सफाई कामगाराला एक खुर्ची का असू नये?

बाबासाहेबांनी १९४२ साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात बजावले होते की, केवळ कला आणि कायद्याच्या पदव्यांनी अस्पृश्यांचे भागणार नाही. विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे आणि ते खर्चिक असल्याने सरकारने मदत दिली पाहिजे. स्वतः नामांकित बॅरिस्टर असलेल्या माणसाने हे म्हटले, हे आम्हा वकिलांनी विशेष ध्यानात ठेवावे. त्यानंतर आठ दशकांनी, २०२३ साली, बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी आपल्या संशोधक विद्यार्थ्यांना आझाद मैदानात आंदोलन करावे लागले. नवनिर्मितीचे उत्सव एकीकडे आणि संशोधकाच्या ताटातली भाकरी अडवणे दुसरीकडे, हे दुटप्पी धोरण चालणार नाही.

सरकारशी आपण भांडूच. पण आपल्या हाती आहे ते तरी करूया. जयंतीच्या डीजेवर एका रात्रीत उडणाऱ्या पैशांत वस्तीतील विहारात दोन-चार लॅपटॉप आणि वर्षभराचे इंटरनेट येते. येत्या १४ एप्रिलला प्रत्येक जयंती मंडळाने एक रात्र तरी हे करून पाहावे. वस्तीतील प्रश्न वस्तीतील माणसांनी मांडावेत, शिकलेल्या मुलामुलींनी त्यावर डोके चालवावे आणि आम्हा वकिलांनी कोणत्या कलमाखाली कोणाकडे दाद मागायची ते सांगावे. पाहुणा म्हणून पुढाऱ्याला नको, काकांसारख्या माणसाला बोलवा. आणि सगळ्यात आधी त्यांना विचारा, ‘काका, प्रश्न काय आहे?’